शांतवनभाऊंचं दुसरं कडवं

रिबेकाचा फोन आला तेव्हा माझ्या दुकानात एक बाई पातेलं वाजवून बघत होत्या. लातूरच्या गंजगोलाईत माझं भांड्यांचं दुकान आहे आणि आमच्याकडचं गिऱ्हाईक भांडं नुसतं डोळ्यांनी बघून घेत नाही. बोटानं टिचकी मारतं, कान लावतं आणि मग नाक मुरडतं. "अप्पाकाका, पप्पा गेले... सकाळी सहाला," एवढंच ती बोलली. मी फोन कानाला धरून उभा, आणि समोर बाईंची टिचकी चालूच. टण्ण... टण्ण... रडू यायच्या आधी, देवाशपथ सांगतो, माझ्या मनात आलं की हे पातेलं शांतवनभाऊंनी काही घेतलं नसतं. आवाज फार लवकर विझतोय.

शांतवनभाऊ म्हणजे नांदेडचे ख्रिस्ती गायक. गाणं स्वतः लिहायचे, चाल स्वतः लावायचे आणि गिटार गळ्यात अडकवून स्वतःच गायचे. देगलूर, भोकर, उदगीर, कुठल्याही चर्चमध्ये रविवारी जाऊन बसा, त्यांचं एखादं गाणं कानावर पडणारच. मोबाइलवर तर त्यांचे व्हिडिओ अशा लोकांनीही बघितलेत, ज्यांनी चर्चची पायरी चढलेली नाही. पोटापाण्यासाठी मात्र ते विजेच्या खात्यात लाइनमन होते. आणि मी? मी लिंगायत, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, भजनात ढोलकी. या दोन माणसांची वीस वर्षं गट्टी कशी जमली, हे आमच्या दोघांच्या घरच्यांना कधीच कळलं नाही.

झालं असं की ते लातूरला एका सभेत गायला आले होते आणि त्यांच्या ढोलकवाल्याला ऐनवेळी टायफॉइड झाला. हा गृहस्थ माझ्या दुकानात शिरला आणि एकेक घागर उपडी करून वाजवायला लागला. अकरा घागरी वाजवल्या. "शेठ, ह्यातली एक बी सुरात न्हाई," म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ, घागरीत पाणी भरायचंय का तिला गायला बसवायचंय?" तर शांतपणे म्हणतो, "गायलाच बसवायचीय. संध्याकाळी सभा हाय, ठेका द्यायला कुणी न्हाई. घागरीवर भागवून राहिलो." मग मी नाटकातल्यासारखा छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून स्वतःलाच पेश केलं. संध्याकाळी मी विभूतीसकट मंडपात हजर. एका ज्येष्ठ सभासदानं माझ्या कपाळाकडे बघत भाऊंच्या कानात विचारलं, "ह्यांचं काय?" भाऊ म्हणाले, "ह्यांची ढोलकी हाय." एवढ्यावर माझी भरती झाली. पुढे मी महिन्यातून एखादा रविवार नांदेड गाठायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "सोमवार महादेवाचा, रविवार येशूचा. आता मंगळवारचं बी कुठं जमवा, म्हणजे घरात कामाची कटकट न्हाई."

भाऊंची निम्मी गाणी खांबावर झाली, ही कविकल्पना नाही. अर्धापूरकडच्या केळीच्या बागांत ते तार जोडायला खांबावर चढायचे आणि वरच गुणगुणायला लागायचे. खाली बागवाला मोटरीजवळ ताटकळत उभा. "ओ भाऊ, लाईट कधी येनार?" वरून उत्तर, "चाल बसली की!" लोक चिडायचे, पण त्यांची बदली करा अशी तक्रार कुणी केली नाही. उलट कुठलं गाणं आपल्या खांबावर झालं यावरून दोन गावांत वाद झालेला मी स्वतः ऐकलाय.

पण मला खरं कुतूहल होतं ते त्यांच्या एका विचित्र रिवाजाचं. नवं गाणं झालं की ते चर्चच्या महिला मंडळाला एकदाच शिकवायचे. कागद द्यायचा नाही, मोबाइलवर घ्यायचं नाही. फक्त ऐकायचं आणि मागे म्हणायचं. मग पंधरा दिवसांनी त्याच बायकांना म्हणायचे, "चला, वापस द्या." त्या गाणार आणि रिबेका, म्हणजे त्यांची मुलगी, वही-पेन्सिल घेऊन टिपणार. बायका जी ओळ विसरल्या ती कायमची गेली. जो शब्द बदलला तो बदललेलाच राहणार. रिबेका फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून हे काम तिच्याकडे. पुढे ती दवाखान्यात नर्स झाली, तरी ड्युटी बदलून त्या रविवारी यायची. मला हे बघून तळमळ व्हायची. काय सुंदर सुंदर ओळी माझ्या डोळ्यांदेखत मेल्या! एकदा भोकरच्या स्टँडवर चहा पिताना मी त्यांना धरलंच. "तुमच्यासारखा माणूस, अन् सुवार्तामावशीच्या आठवणीवर गाणं सोडता?" सुवार्तामावशी म्हणजे मंडळाच्या म्होरक्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आया, आवाज असा की स्पीकर लाजावा. भाऊंनी बशी खाली ठेवली. "अप्पा, नवी तार ओढली की आम्ही काही दिवसांनी वापस जाऊन बघतो. ओढताना ताठच दिसती. कुठं लोंबून राहिली, ते मागून कळतं."

मला काही हे पटेना. शिवाय माझ्या अंगात थोडी खोडी आहे. एकदा मी मावशींना गाठून एक ओळ चोरून शिकवली, साफ माझी स्वतःची, आणि भाऊंच्या ओळीच्या जागी ती म्हणायला लावली. पंधरा दिवसांनी मावशींनी ती बेधडक ठोकली. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "रिबेका, लिही. लिही ती ओळ. स्टीलचा वास येऊन राहिला, पण चांगली हाय." मावशी फसकन हसल्या आणि मी ढोलकीच्या दोऱ्या आवळायचं सोंग केलं. ती ओळ आजही दोन जिल्ह्यांत भक्तिभावानं गायली जाते. कुठली ते सांगणार नाही. चर्चचे पाळकसाहेब हा लेख वाचतील.

दोन वर्षांपूर्वी भाऊंचा घसा दुखायला लागला. आधी खोकला समजले, मग तपासण्या, मग ऑपरेशन. जीव वाचला, आवाज गेला. मी भेटायला गेलो तर काय बोलावं सुचेना. म्हणजे मला, हे लक्षात घ्या! त्यांनीच मोबाइलवर टाइप करून पुढे धरलं, "अप्पा, आता तुमी बोला. तुमाला लई दिवसांपासून हेच पाहिजे होतं." मी हसलो. रिबेका हसली नाही. तिनं बाहेर येऊन सांगितलं की पप्पा रोज पहाटे उठून तोंड उघडतात, काही येतंय का बघतात आणि मग गिटार पुसून ठेवतात.

या उन्हाळ्यात त्यांनी शेवटचं गाणं लिहिलं. तीन कडवी. शिकवायच्या रविवारी मी होतो. भाऊ खुर्चीत बसून गिटारवर चाल वाजवत होते आणि शब्द रिबेका म्हणून दाखवत होती. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला मात्र त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. हे मी शिकवणार, अशी खूण केली. चाल वाजवत त्यांनी ते कडवं बायकांपुढे म्हटलं... ओठ हलत होते, बाहेर काही येत नव्हतं. दोनदा म्हटलं. सुवार्तामावशी पुढच्या बाकावर वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. तिसरं पुन्हा रिबेकानं घेतलं. पंधरा दिवस पुरे व्हायला चार दिवस असताना भाऊ गेले.

त्या कडव्याचे शब्द वहीत होते. रिबेकानं मला दाखवले:

गळा दिला तू, गळा तुझाच,
थोडा वेळ मला परत दे;
सुरू केलेलं तुझं गाणं
एकदा मला संपवू दे.

स्मरणसभेत बायकांनी हे गाणं म्हणायचं आणि त्याचा व्हिडिओ करायचा असं चर्चमध्ये ठरलं. पण रिबेकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. रिवाजाप्रमाणे बायका जे परत देतील तेच गाणं. आणि ज्या कडव्याचा शब्दच बायकांनी ऐकलेला नाही, ते त्या परत देणार कुठून? "बाकी समदं जाऊ द्या, काका," ती म्हणाली, "पण त्यांनी शेवटी देवाला काय मागितलं, ते लोकांच्या कानावर पडलंच पाहिजे. न्हाई तर ते बी त्यांच्यासंगं गेलं." मग म्हणाली, "तुमी मावशीला चोरून पाठ करून द्या ना. तुमाला सवय हाय."

झालं, मी पुन्हा खोडीला निघालो, या वेळी पोरीच्या हुकमानं. चार ओळींचा कागद खिशात घालून मावशींच्या घरी गेलो. त्या शेंगा फोडत होत्या. कागद त्यांनी हातातही घेतला नाही. "काऊन आणला? कागद कधी चालला का त्यांच्याकडं?" मी म्हटलं, "मावशी, दुसरं कडवं. रिबेकाला घोर लागलाय." "आमाला येतंय की," म्हणाल्या. "म्हणून दाखवा मग." "तुमाला? एकट्याला?" त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगा घातल्या. "सभेत या. ढोलकी जपून वाजवा. त्या कडव्यात लई बडवाबडव नका करू." मी रिबेकाला काय सांगणार? म्हटलं, येतंय म्हणतात. तिचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नव्हता.

सभेला चर्च भरून बाहेर खुर्च्या लागल्या होत्या. अर्धापूरचे बागवाले आले होते, माझी बायकोही आली होती. चर्चमधल्या एका तरुणानं गिटार धरली. रिबेका पहिल्या बाकावर, मांडीवर वही, हातात पेन्सिल. बायकांनी पहिलं कडवं उचललं, आणि काय उचललं! दोन शब्द इकडचे तिकडे झाले तेवढं रिबेकानं टिपलं. मग दुसरं आलं आणि एकदम बायकांचा आवाज बंद झाला, नुसती गिटार आणि माझी ढोलकी उरली. मला वाटलं, संपलं. विसरल्या. हात थांबणार तेवढ्यात मी मान वर केली... आणि बघतो तर वीस-बावीस बायका गात होत्या. तोंडं पुरी उघडून, माना हलवून, डोळे मिटून. आवाज नव्हता. जसं शिकवलं होतं तसंच परत देत होत्या. सुवार्तामावशींच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या आणि त्यांच्या ओठांवर मी वाचलं, गळा दिला तू, गळा तुझाच. शब्द न् शब्द होता. मी ढोलकीवर फक्त बोटं टेकवत राहिलो.

रिबेका पेन्सिल धरून तशीच बसली होती. विसरलेलं असतं तर खोडलं असतं. बदललेलं असतं तर लिहिलं असतं. ती बायकांच्या तोंडांकडे बघत राहिली आणि मग तिचेही ओठ हलायला लागले. तेवढ्यात मागून साउंडवाला धावत आला. यंत्रावरचे दिवे लागलेले, समोर सगळ्यांची तोंडं हलताहेत आणि हेडफोनमध्ये नुसती गिटार! बिचारा वायरी हलवून बघत, वाकून वाकून पहिल्या बाकापर्यंत आला. "ताई, माइक गेला वाटतं. थांबवू का?"

रिबेकानं डोळे न हलवता त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. "बसा," ती म्हणाली. "चालू हाय."