शाकोची साद

लोमामी नदीकाठच्या त्या गावात दिमांजासारखा झाडावर चढणारा दुसरा माणूस नव्हता. कमरेला वेलीचा फास अडकवून तो सरसर वर जायचा, शेंड्याला आपली राखी पोपटीण शाको बांधायचा, आजूबाजूच्या फांद्यांना चीक फासायचा आणि खाली येऊन दबा धरायचा. शाकोनं साद घातली की थवा उतरायचा आणि चिकटायचा. किंडू शहरातला व्यापारी पिंजरे भरून न्यायचा. दूरदेशीच्या दिवाणखान्यांत बोलायला निघालेली निम्मी पाखरं वाटेतच मरायची. दिमांजाला ते ठाऊक होतं, पण तो ठाऊक नसल्यासारखा वागायचा. आपण सगळेच वागतो म्हणा.

"माझ्याशी दोन शब्द बोलायचे तर जीभ जड होते, आणि हिच्याशी दिवसभर गुलूगुलू!" बायको अहोंजू फणकारायची.

"ती उलट बोलत नाही."

"मग तिलाच सांगा कसावा रांधायला!"

अकरा वर्षांत आभाळ रिकामं झालं. सलग दोन हंगाम शाको घसा फोडून ओरडली, एक पाखरू फिरकलं नाही. तिचं ते एकटीचं ओरडणं दिमांजाला ऐकवेना.

"मग हीच देऊन टाक," व्यापारी म्हणाला.

"ही नाही मिळायची."

दिमांजानं तिला सोडून द्यायचं ठरवलं. पंखांतल्या कापलेल्या पिसांची खुंटं एकेक करून उपटली. ती कडकडून चावली, त्यानं हात मागे घेतला नाही. नवी पिसं यायला चार महिने लागले.

"जाईल का हो ती?" अहोंजूनं विचारलं.

"गेली तर बरंच की," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला जंगलातल्या मोकळ्या जागेत सोडलं. शाको धडपडत उडाली, शेंड्यावर पोचली आणि साद घालू लागली. लांबून एका पोपटानं उत्तर दिलं. दिमांजाला आनंदानं रडू फुटलं.

तेवढ्यात वर गरुडाची सावली फिरली. लांबचा पोपट किंचाळून गप्प झाला.

"शाको, पळ!"

ती हलली नाही. किंकाळीनं थवा उधळतो, म्हणून पिल्लूपणी ती भिऊन किंचाळली की दिमांजा तिला टोपलीखाली अंधारात कोंडायचा. होता होता ती किंचाळायचं आणि पळायचंही विसरली होती. गरुड झेपावला तरी शाको त्यालाही गोड गळ्यानं बोलावत राहिली, या, इथं सगळं ठीक आहे.