खंडेनवमीला गिअर ऑइल, दुपारी सिंहगड

"आई, गिअरबॉक्स गेलाय. गाडी काढून टाकू. दसऱ्याला गिऱ्हाईक घेऊन येतो," असं माझ्या मुलाने, निखिलने, जाहीर केलं, तेव्हाच मी ठरवलं की याच गाडीने सिंहगड चढायचा. गाडी माझ्या नावावर, लायसन्स माझं, आणि निकाल देणारा हा! दुसरा गिअर खरखरत होता, कबूल. पण पेठेतल्या गॅरेजवाल्यानेही नुसता आवाज ऐकून मान हलवली होती. आत तेल आहे की नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

तेलाचे डबे आणि नवे वायसर आणून ठेवले आणि खंडेनवमीला सकाळी सदाशिव पेठेतून निघाले. धायरी फाट्यापर्यंत दुसरा गिअर टाळत रडतखडत गेले. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा. सुट्टीला अख्खं पुणं गडाकडेच निघालेलं असतं. धायरीत एक गॅरेज उघडं दिसलं. आत पाने, पक्कड, जॅक सगळं पाटावर मांडलेलं, वर झेंडू.

"मावशी, आज हत्याराला हात लावायचा न्हाय. पूजा हाय त्यांची."

"मग उघडं कशाला ठेवलंय?"

"परसाद घ्या की!"

सकाळी घरच्या विळीला मी स्वतः हळदकुंकू वाहिलं होतं, तरी हे डोक्यात आलं नाही! पेढा खाल्ला आणि शमीमकडे गेले.

शमीम माझी शाळेतली जुनी सहकारी, विज्ञान शिकवायची. तिच्या भावाचा टेम्पो आहे, म्हणून अंगणात गाडीखाली उतरायचा खड्डा आणि सगळी हत्यारं आहेत.

"आमचे पाने आज कामावर आहेत," ती म्हणाली. "अगं, आधी साडी बदल."

गाडी सपाट उभी हवी, आणि तेल भरायचा वरचा बोल्ट आधी सोडवायचा. खालचा आधी काढलात आणि वरचा हललाच नाही, तर तेलाविना गाडी तिथेच अडकली. आमचाही हलेना. शमीमने पान्यावर पाइप चढवला, दोघींनी ओढलं, तेव्हा सुटला. त्या भोकात बोट घातलं की तेल लागायला हवं. बोट कोरडं! मला भयंकर राग आला. खालचा बोल्ट काढल्यावर थोडंसं काळंकुट्ट तेल पडलं. बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी गाळ होता.

"गिअरच्या दातांचे तुकडे असते तर निखिल खरा ठरला असता," शमीम म्हणाली.

एकही तुकडा नव्हता. झिरपणारा जुना वायसर बदलला, खालचा बोल्ट आवळला, आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचंच तेल वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं.

शमीमला शेजारी बसवलं आणि घाटात पहिल्या वळणावर दुसरा गिअर टाकला. किंचित कुरकुरला आणि पडला. पुढे निमूट पडत राहिला. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाताना शमीम म्हणाली, "निखिलला फोन तरी कर."

"त्याने गिऱ्हाईक मला विचारून शोधलं का?"

गाडी जुनी आहे, एक दिवस खरंच थांबेल. थांबेल तेव्हा मी ठरवीन. दसऱ्याला तिला हार घातला, तेव्हा नखांत अजून काळं होतं. निखिल गिऱ्हाईक घेऊन आला. दोघांना सोनं दिलं, चहा दिला. किल्ली दिली नाही.