बाबागाडीची जागा

युरोपात महिनाभर मोटारीनं फिरायचं ठरलं, तेव्हा मुलानं आमच्या जपानमधल्या कोबेच्या घरात जमिनीवर चिकटपट्टीनं गाडीचा आकार आखला. त्यात बॅगा, बाळाची खुर्ची, बाबागाडी असं सगळं मांडून पाहिलं. मला जागाच उरली नाही.

"बाबा, तुम्ही तेवढे दिवस पुण्याला जा," सून म्हणाली. "तुम्हाला नाही झेपणार."

मी जेमतेम चौथी शिकलो, पण मला काय झेपतं ते दुसऱ्यानं सांगायला नको. मी बाबागाडी उचलून पट्टीबाहेर ठेवली आणि नातीला घेऊन त्या रिकाम्या जागेत फतकल मारली.

"अहो, मग हिला फिरवायचं कशातून?" सुनेनं विचारलं.

"माझ्या कडेवरून."

"आणि तुमचे गुडघे?" मुलगा म्हणाला.

"गुडघे माझे आहेत. तू गाडी चालव."

बाबागाडी कपाटात जाईपर्यंत मी उठलो नाही.