गोमादादांची मोरी

पाऊस लागला की गोमादादा आभाळाकडे बघत नसत, आमच्या पायरीकडे बघत. खेकडे वर चढले का, हे त्यांना पाहायचं असे.

मुरबाडहून सिद्धगडाकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी ती बंदिस्त वसाहत होती. बंगले, तळं, गोल्फचं मैदान आणि सभोवार पुरुषभर उंचीची भिंत. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आणि माझी बायको सुमती तिथे राहायला गेलो. मी जात्याच भित्रा. चोर, साप, बिबट्या सगळे भिंतीपलीकडे राहतील, एवढ्याच भरवशावर सगळ्यात खालच्या कोपऱ्यातला, भिंतीलगतचा बंगला मी घेतला.

गोमादादा तिथले माळी. मैदानाच्या जागी पूर्वी त्यांचं खाचर होतं. त्या खुरट्या गवताला ते अजून 'भात' म्हणत आणि खेळणाऱ्यांना 'बिनकामाची मानसं'. मला भिंतीबाहेरचं भय वाटे, त्यांना भिंतीचंच.

"साहेब, खाचराच्या बांधाला तोंड ठेवतात. ह्या भितीला तोंडच नाय. डोंगराचं पानी आत आलं तर जायाचं कुठं?"

म्हणून दर पावसाळ्याआधी ते आमच्या बंगल्यामागे भिंतीच्या पायाशी गुपचूप मोरी पाडत आणि पावसाळा सरला की बुजवत. पहार नेहमी बाजूला उभं राहून घालत. "पान्याच्या तोंडासमोर उभं ऱ्हायाचं नाय," असं बजावत.

एका वर्षी त्या मोरीजवळ मला पंजे उमटलेले दिसले. कुत्र्याचेही असतील, पण माझी पाचावर धारण बसली. मी तडक वसाहतीच्या ऑफिसात जाऊन तक्रारवहीत लिहिलं, 'माळी भिंतीला भोक पाडतो.' दुसऱ्या दिवशी मोरी सिमेंटने बुजवली आणि गोमादादांना कामावरून काढलं. जाताना ते माझ्याकडे आले. चेहऱ्यावर राग नव्हता.

"खेकडं पायरी चढलं का घरात थांबू नका. वयनीला घेऊन वर क्लबात जा."

त्याच श्रावणात तीन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी दुपारी पायरीवर खेकडेच खेकडे. सुमतीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला उभंही राहवेना. फोन बंद. मदत शोधावी म्हणून दार उघडलं, तर मैदानावरून पाण्याचा लोंढा सरळ आमच्यावर येत होता. बघता बघता पाणी कमरेला लागलं. सुमतीला जेवणाच्या टेबलावर बसवलं आणि तिचा हात धरून उभा राहिलो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून पहारीचे घाव ऐकू आले.

"साहेब, भितीपासून लांब ऱ्हावा!"

आवाज गोमादादांचा होता. फाटकावर त्यांना आत सोडलं नव्हतं. ते भिंतीबाहेरच्या ओढ्याकाठाने वळसा घालून आले होते.

मोठा आवाज झाला आणि पाणी झपाट्याने उतरू लागलं. सुमती रडायला लागली. मी हाका मारत राहिलो.

गोमादादा तोंडासमोर उभे नव्हतेच. जन्मभराच्या सवयीने बाजूलाच उभे होते. मातीचा बांध फोडल्या जागी फुटतो. ही विटांची भिंत होती. ती अख्खी त्यांच्या अंगावर आली.

नव्या भिंतीला ऑफिसने मोरी ठेवली. पावसाळ्यात मी अजून पायरीवर खेकडे शोधतो. ते येत नाहीत, तरी रात्री उठून पुन्हा बघतो. तक्रारवहीतल्या त्या ओळीखाली सही माझी आहे.