माणशी आठ ओळी

गणित शिकवणाऱ्या बाईकडे शेवटी काय साठतं? खडूची पूड म्हणाल, तर ती साठतेच! पण त्याहून जास्त साठतात किस्से. पेठच्या डोंगरातल्या शाळेत मी अकरा वर्षं सातवीला एकमान पद्धत शिकवली. म्हणजे आधी एकाचं काढायचं, मग हव्या तितक्यांचं. आता नाशिकला घरीच असते. कुणी आलं की चहा टाकते आणि सुरू होते. माझा मुलगा म्हणतो, "आई, पाहुण्यांना निदान कप तरी खाली ठेवू दे!"

आज सांगते ते सगळे एकाच वर्षातले. नव्वदच्या दशकाचा शेवट चालला होता आणि मी त्या शाळेत नवीन होते.

*

पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर लिहिलं, तर वर्ग नुसता बघत बसला. म्हटलं, गोष्ट सांगू या.

"एक बाई विहिरीवर गेली. एक बादली ओढायला तिला दोन मिनिटं लागली. तर दहा बादल्यांना किती?"

"दुपार होईल," अख्खा वर्ग म्हणाला.

मी भडकले. मला भडकायला फार वेळ लागत नाही. "वीस मिनिटं! बे दाहे वीस! पाढे कुठे ठेवून आलात?"

पहिल्या बाकावरची मंगल उठली. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. "बाई, चार बादल्या काढल्या की विहीर संपते. मग पाणी झिरपायची वाट बघत बसायचं. एप्रिलात या, दाखवते."

दुसऱ्या दिवशी मी गोष्टीतली विहीर काठोकाठ भरली आणि मगच गणित घातलं.

*

मग मजुरांचं गणित आलं. आमच्या पोरांची घरं दसरा झाला की खाली दिंडोरीला, द्राक्षांच्या छाटणीला जायची. म्हटलं, हे तर घरचंच!

"सहा मजूर एका दिवसात अठ्ठेचाळीस ओळी छाटतात. तर एक मजूर?"

सगळ्यात आधी हात वर करणारी मंगल विचारात पडली. "बाई, या सहांत अर्धी किती?"

"अर्धी काय?"

"अर्धी माणसं. मोठं माणूस आठ ओळी करतं, ते पूर्ण. लहान पोर चार करतं, ते अर्धं. मी गेल्या साली सुट्टीत गेले ना, तेव्हा अर्धी होते. आमचा काका मुकादम हाय. तो म्हणतो, यंदापासून मी पूर्ण."

वर्गाने तिच्याकडे कौतुकाने बघितलं. मीही "शाब्बास" म्हणाले. म्हणाले, काय करू!

मधल्या सुट्टीत हेडसरांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "बाई, अर्धं माणूस सुट्टीपुरतं जातं. पूर्ण झालं की शाळा सुटते. दरवर्षी माझ्या दोन-तीन पोरी अशाच पूर्ण होतात."

त्या दिवशी माझा डबा तसाच घरी आला.

*

मध्येच तपासणीला साहेब आले. चांगला माणूस. त्यांनी विचारलं, "एका मजुराला एक काम करायला बारा दिवस लागतात. बारा मजूर लावले तर?"

मागच्या बाकावरचा काशिनाथ म्हणाला, "एक दिवस."

"वा! शाब्बास!"

"पण साहेब, मग बाकीचे अकरा दिवस त्यांनी खायचं काय?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढचा प्रश्न भूगोलाचा विचारला.

*

पुढे मी पोरांनाच म्हटलं, आता तुम्ही गोष्टी रचा. कुणी गाढव आणलं, कुणी राजा. मंगलने वही उघडून वाचली.

"एक बाई दिवसाला आठ ओळी छाटते. तिची मुलगी चार छाटते. एक वर्ष गेलं. आता मुलगीपण आठ छाटते. तर यापुढे मुलगी शाळेत किती दिवस जाईल?"

मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले, "माहिती अपुरी आहे. गणित चुकलं."

"नाय चुकलं, बाई. उत्तर शून्य हाय."

तास संपायला वेळ होता, तरी मी वर्ग सोडला.

*

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्या बाकावर जागा रिकामी. आठवडा गेला, तरी रिकामीच. हेडसर म्हणाले, "जाऊ नका बाई, उपयोग नसतो." मी रविवारी दिंडोरीची एसटी धरली.

बाग सापडली तेव्हा बांधावर दुपारची भाकरी चालली होती. आई, बाप, मावश्या, चुलते, चुलती. मंगल आईला चिकटून बसलेली. मी तावातावाने बोलले. पोरीची हुशारी, पुढचं शिक्षण, सगळं सांगितलं. मुकादम काकाने ऐकून घेतलं.

"म्याडम, सगळं खरं. पण मी मालकाला शब्द देऊन बसलोय. हिच्या रोजच्या आठ ओळी कोण करील?"

आता मी दुसरं काय करणार! माणसं मोजली. मंगल सोडून आठ होती.

"मंगल, ऊठ. आठ ओळी, आठ माणसं. एकाच्या वाट्याला किती?"

तिने मान खाली घातली. "नाय येत, बाई."

नाय येत? मंगलला? मी ओरडणारच होते, तेवढ्यात ती कुठे बघतेय ते दिसलं. आईच्या हातांकडे. दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली होती. मला माझीच लाज वाटली. मी पर्स उचलली.

"एक," आई म्हणाली. ती बाई शाळेची पायरी चढली नव्हती. "एकेक ओळ येते. माझी मी करीन."

बाप म्हणाला, "माझी मी."

मावशी म्हणाली, "माझीपण." मग दुसरी. मग एकेक करत दोन चुलते आणि चुलती. मी बोटांवर मोजत होते. सात झाले आणि पुढे आवाजच येईना. आठवा मुकादम होता, आणि मुकादम ओळी छाटत नाही. तो मापं घेतो, मालकाशी बोलतो. एक ओळ उरली होती. सगळे खाली मान घालून भाकरी खात होते, कुणी त्याच्याकडे बघेना.

मुकादमाने चूळ भरली. तांब्या खाली ठेवला. खांद्यावरचा टॉवेल काढून कमरेला गुंडाळला.

"वहिनी," तो म्हणाला, "जादाची कात्री हाय का एखादी?"