काइनाची मूठ

रुखमाआजीसारखं बोलायचं असेल, तर आधी खालचा ओठ आत ओढायचा, कारण तिचे समोरचे दात गेलेले आहेत. मग आवाज नाकात चढवायचा. आणि वाक्याच्या शेवटी इतकं थांबायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, आजी पुढचं विसरली. आजी विसरलेली नसते. ती फक्त बघत असते, कोण जांभई देतंय ते.

पांढरकवड्याकडून येताना हायवे सोडला आणि जंगलाच्या अंगानं आत वळलं की आमचा कोलामांचा पोड लागतो. पोड म्हणजे आमची वस्ती. तिच्या शेवटच्या टोकाला रुखमाआजीचं घर, आणि घराला लागून टिनाचा एक मांडव. दर रविवारी या मांडवात ती जगाच्या सुरुवातीची गोष्ट सांगते. गोष्ट बायबलातली असते, ऐकणारी आम्ही पोरं असतो, आणि शेवटी बिस्किटं मिळतात. आमच्यापैकी ख्रिस्ती कोणीच नाही. अख्ख्या पोडावर ख्रिस्ती अशी ती एकटीच.

ती ख्रिस्ती झाली ती काही चमत्कार बघून नाही. तिची तरणी लेक तापानं फणफणली. नवसाचे कोंबडे झाले, अंगारा झाला. पांढरकवड्याच्या प्रफुल्ल पास्टरांनी तिला स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. पास्टरांनी प्रार्थनाही पुष्कळ केली. पोरगी वाचली नाहीच.

"पण मले मनाले लागलं ते येगळंच," आजी सांगते. "पोरगी गेल्यावर मी मांगच्या तुरीत जाऊन दडली. कोणाचं तोंड पाहू नये वाटे. तं हा पास्टर वावराच्या धुऱ्यावर, बांधाले बसून राह्यला. येत नाही, जात नाही. मधातच हाक मारे, 'रुखमाबाई, कुठे आहात?' मंग मागून त्यानं आदामाची गोष्ट सांगतली. मी मनलं, हे तं माहीच गोष्ट हाय!"

आदामाची गोष्ट ती अशी सांगते. आदाम आणि हव्वानं खाऊ नये ते फळ खाल्लं आणि झाडोऱ्यात दडून बसले. देव सांजच्या वाऱ्याला बागेत फिरायला आला. "आता देवाले का मालूम नव्हतं, कोण्या झुडपात हाय त्ये? सप्पा मालूम होतं. तरी इचारलं, 'आदामा, तू कोठी हायस?' पोट्टेहो, धरम इथून सुरू झाला. माणसानं देवाले हुडकलं नाही. देवानंच पह्यले हाक मारली."

मग येतात काइन आणि हाबेल, आणि आमचे कान टवकारतात. हे दोघं आदामाची पोरं. काइन वावर करायचा, हाबेल मेंढरं राखायचा. दोघांनी देवाला अर्पण आणलं. देवानं हाबेलाचं घेतलं, काइनाचं नाही घेतलं. काइनाचं थोबाड उतरलं. त्यानं भावाला वावरात नेलं आणि मारून टाकलं.

"जगातलं पह्यलं भांडण धुऱ्याचं नव्हतं, बायकोचं नव्हतं. पूजेचं होतं! पूजा सुरू होऊन राह्यली, आन् तेथीच मुर्दा पडला." इथं आजी थांबते. "मंग देवानं इचारलं, 'काइना, तुहा भाऊ कोठी हाय?'"

आणि काइनाचं उत्तर आम्ही सगळे मिळून द्यायचो, नाक चढवून, कमरेवर हात ठेवून, अगदी तिच्याच आवाजात: "मले काय मालूम? मी काय त्याचा ढोरकी हाव?"

ढोरकी म्हणजे ढोरं राखणारा. आजी तोंडाला पदर लावून हसायची. काइन तिनंच आम्हाला शिकवलेला. तिच्याइतका माजोरी काइन कोणालाच जमत नसे.

त्यानंतर अनोश यायचा. अनोश हा आदामाचा नातू, हाबेल गेल्यावर झालेल्या तिसऱ्या भावाचा पोरगा. त्याच्या काळात माणसं देवाचं नाव घेऊन हाका मारायला लागली. अनोश झाला की बिस्किटं.

आता तिच्या भावाबद्दल सांगितलं पाहिजे. बाबाराव हा तिचा सख्खा मोठा भाऊ, आणि पोडाचा नाईक. नाईक म्हणजे गावदेवाची पूजा त्याच्या हातची. बाबारावची नक्कल सोपी आहे: आधी खाकरायचं, मग बोलायचं, आणि बोलून झाल्यावर पुन्हा खाकरायचं. बहीण ख्रिस्ती झाली त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. पोडावरच्या बायकाही तिच्या दारून जाताना पावलं उचलायच्या. येत होती ती फक्त सुखीबाई, बाबारावची बायको, म्हणजे रुखमाआजीची वहिनी. सांजेला भाजीची वाटी पदराखाली घेऊन यायची आणि उंबऱ्यातूनच ओरडायची, "रुखमाबाई वो, मेली का जित्ती हाय?"

"जित्ती हाव, वयनी. तुह्या भाजीनं मरीन."

लेक गेल्यावर रुखमाआजीला माणूस म्हणून एवढंच उरलं होतं.

आमच्या पोडावर नवी ज्वारी आली की लगेच खात नाहीत. आधी चावडीपुढं टोपली ठेवतात. घरटी एक मूठ नवं धान त्यात पडावं लागतं. नाईक एकेका घराचं नाव घेतो, त्या घरचं माणूस मूठ टाकतं आणि म्हणतं, "आलं." एक घर जरी राहिलं तरी पूजा लागत नाही. पूजा लागली नाही तर नव्या दाण्याला कोणी हात लावायचा नाही.

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. काइनाचं अर्पण का घेतलं नाही, ते आजी समजावत होती. "धान खराब नव्हतं, बापा. मन नव्हतं त्यात. बिनमनाची मूठ देव घेत नाही."

तेव्हा निकिता, आमच्यातली सगळ्यात लहान, सहज बोलून गेली. "मंग आजी, तुही मूठ काहून घेते गावदेव? तू तं येत बी नाही. सुखीआजीच टाकते दरसाल."

आजी थांबली. हे थांबणं नेहमीचं नव्हतं.

पोडाला वाटत होतं, रुखमाबाई स्वतः येत नाही तरी मूठ पाठवते. म्हणून तर तिला पोडावर राहू दिलं होतं. आणि रुखमाआजीला वाटत होतं, पोडानं तिचं घर यादीतून सोडून दिलंय. मधे उभी होती सुखीबाई. एका हातात आपल्या घरची मूठ, दुसऱ्या हातात नणंदेची. दोन्ही तिच्याच कणगीतल्या.

त्या सांजेला भाजीची वाटी उंबऱ्यावरच राहिली. मांडवाच्या मागं बोरं वेचणाऱ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"वयनी, माह्या नावानं तू खोटं बोलतं काय देवापुढं?"

"कोण्या देवापुढं? तुह्या का आमच्या?"

"मी हासून नाही राह्यली."

"हे पाह्य रुखमाबाई. मूठभर ज्वारीनं तुले घर राह्यलं, मले नणंद राह्यली. तुह्या देवाचं का गेलं?"

"त्याले समजते, मूठ कोणाच्या हातची हाय ते. काइनाची समजलीच ना?"

"मंग मी कायले टाकतो, हे बी समजत असन त्याले." सुखीबाईचा आवाज खाली आला. "हे साल गप राह्य, बाई. पुढच्या साली तू मनशीन तसं. मी पाया पडतो तुह्या."

आजीनं पास्टरांना फोन लावला. प्रफुल्ल पास्टर माणूस भला, पण बोलतात छापल्यासारखं. "रुखमाबाई, खोट्या अर्पणात आपला वाटा नको. प्रेमानं, पण स्पष्टपणे सत्य सांगा." सुखीबाईचं काय होईल, हे त्यांना माहीत नव्हतं. आजीनं सांगितलंही नाही.

नव्या ज्वारीच्या पूजेच्या दिवशी चावडीपुढं अख्खा पोड बसलेला. बाबाराव खाकरून एकेक घर पुकारत होता. "रुखमाबाईच्या घरचं?"

"आलं," सुखीबाईनं मूठ उघडली.

"नाही आलं," मागून आवाज आला. रुखमाआजी उभी होती, दोन्ही हात मोकळे दाखवत. "माह्या घरचं कधीच नाही आलं. वयनी आपल्या घरचं टाकत होती. मले काल-परवा समजलं."

कोणी ओरडलं नाही. बाबारावनं भरलेली टोपली उचलली आणि जमिनीवर पालथी केली. कोंबड्या धावल्या, त्यांना कोणी हाकललं नाही.

नंतर मात्र खूप ओरडा झाला. गेल्या काही सालांत कोणाचं लेकरू दगावलं होतं, कोणाची बैलजोडी वाघानं नेली होती. ते सगळं आता या खोट्या मुठीवर येऊन पडलं. रुखमाआजीला कोणी फारसं बोललं नाही. ती तर बाहेरचीच झाली होती. बोलणं पडलं सुखीबाईवर, नाईकाची बायको असून देवापुढं खोटं बोलली म्हणून. म्हाताऱ्यांनी बाबारावला सांगितलं, "नाईकी राहीन, नाही तं बायको राहीन." बाबाराव खाकरला. नाईकी राहिली.

सुखीबाईला तिच्या भावाकडं, आदिलाबादकडच्या तिच्या माहेराला पाठवून दिलं. जाताना ती रुखमाआजीच्या दारून गेली. उंबऱ्यावरची वाटी उचलली, पदराला पुसली आणि पिशवीत टाकली. मेली का जित्ती ते विचारलं नाही.

पुढचे किती दिवस आजीनं चूल नीट पेटवली नाही. मग एका सकाळी ती मूठ आवळून चावडीकडं निघाली. आम्ही पोरं मागं. बाबाराव ओट्यावर बसला होता.

"दादा, हे घे. माह्या हातची ज्वारी. वयनीले आन."

इतक्या सालांनी भाऊ बहिणीशी बोलला. "मनानं देऊन राह्यली काय?"

आजीनं मूठ आणखी पुढं केली.

"सांग ना. तूच तं पोट्ट्याईले शिकवतं, बिनमनाची मूठ देव घेत नाही मनून. मनानं देतं काय? व्हय मन, मी आत्ता गाडी सांगतो."

एक शब्द बोलायचा होता. "व्हय." तिचे ओठ आत गेले, बाहेर आले. मुठीतून दोन-चार दाणे गळले. बाबाराव वाट बघत होता, आणि बघताना त्याचा चेहरा नाईकाचा नव्हता. त्यालाही तो शब्द हवा होता.

आजी वळली आणि मूठ तशीच आवळून घरी गेली.

माहेरी फुकट कोण खाऊ घालतं? सुखीबाई या वयात कापूस वेचायला जाऊ लागली, पहाटे मजुरांच्या पिकअपमध्ये उभी राहून. संक्रांतीच्या आधी धुक्यात ती पिकअप उलटली. बाकीच्यांना मुका मार लागला. सुखीबाई गाडीखाली आली.

बाबाराव माती देऊन परत आला तो आधी बहिणीच्या दारी. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. खाकरला नाही.

"दादा, वयनी कोठी हाय?" आजीनं विचारलं. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

"मातीत," बाबाराव म्हणाला. "तू धाडली मन, मी धाडली मन, कोणी बी धाडली मन. मातीत हाय."

दोघंही तिथंच बसून राहिले, एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पण तो घरात आला नाही, आणि तिनं ये म्हटलं नाही.

पुढं काही रविवार मांडव रिकामा होता. मग आजीनं पुन्हा आम्हाला बोलावलं. आदाम सांगितला, झाडोरा सांगितला, देवाची हाक सांगितली. आवाज तोच, नाकातला. काइनानं हाबेलाला वावरात नेलं. देवानं विचारलं, "काइना, तुहा भाऊ कोठी हाय?"

आम्ही सवयीनं कमरेवर हात ठेवले आणि ओरडलो, "मले काय मालूम? मी काय त्याचा ढोरकी हाव?"

आजी हसली नाही. तिनं आमच्याकडं पाहिलं, मग उंबऱ्याकडं.

"व्हय," ती म्हणाली. "होती मी."

शेवटी निकितानंच विचारलं, "आजी, मंग अनोश?"

"अनोश लय मागून येते, बापा," आजी म्हणाली. "मधात लय दिवस राह्यतेत." आणि बिस्किटाचा पुडा तिनं निकिताच्या हातात ठेवला, वाटून घ्या म्हणून.

तेव्हापासून गोष्ट तिथंच थांबते.