शकुबाईची विळी

शकुबाईचा रस्सा म्हटलं की जाम गावाच्या पंचक्रोशीत जिभा चाळवायच्या. लग्न असो, बारसं असो, बोलावणं आलं की बाई आपला झारा आणि आपली विळी घेऊन हजर. तोंडानं मात्र फाटकी. चुलीजवळ कुणी रेंगाळलं तर अशी खेकसायची की मिशीवाले गडीही मुकाट्यानं सरकायचे. आणि एक खोड जन्माची, आपण रांधलेलं ती कधी खायची नाही. धुरानंच पोट भरते म्हणायची आणि घरी जाऊन भाकर-ठेचा खायची. हीच खोड तिच्या मुळावर आली.

निकेशनं नवा ट्रॅक्टर घेतला, त्याची पार्टी शेतात होती. कोंबड्या कापायला माणूस कमी पडला म्हणून तो स्वतः शकुबाईची विळी घेऊन बसला. कोंबड्या झाल्या, तशी त्यानं हात पँटीला पुसले आणि त्याच विळीवर कोशिंबिरीच्या काकड्या चिरायला घेतल्या. शकुबाई खवळली, विळी धू म्हणाली, हात धू म्हणाली. तो नुसता हसला. तिकडे रस्सा उतू जात होता, ती पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मं गाव हगवण-उलट्यांनी लोळत होतं. निकेशची सहा वर्षांची मयुरी तर डोळेच उघडेना. मोबाइलवर कुणीतरी टाकलं, 'पार्टीत विषबाधा'. झालं! विष म्हटलं की लोकांना घालणारा माणूस लागतोच. बाईनं एक घास खाल्ला नव्हता, म्हणजे तिला ठाऊक होतं. एवढा पुरावा पुरला.

निकेश चौघांना घेऊन तिच्या दारात गेला. केसांना धरून तिला अंगणात ओढलं. तिच्याच झाऱ्यानं तिची पाठ फोडली. उजवा हात उंबऱ्यावर दाबून वरून लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज शेजारणीला भिंतीपलीकडे ऐकू गेला. एवढ्यावर थांबतील तर ते नालायक कसले! उरलेली कोशिंबीर आणून तिच्या तोंडात कोंबली.

"आता खा," निकेश म्हणाला. "तुह्याच हातचं हाय."

तिसऱ्या दिवशी शकुबाईही मयुरी होती त्याच दवाखान्यात, हाताला प्लास्टर, दुसऱ्या हाताला सलाईन. तपासणीचा अहवाल आला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, हा साल्मोनेला. विषबाधा म्हणायची नुसती रीत आहे. कुणी विष घातलेलं नाही, अन्नातून जंतू पोटात गेलाय. तो कोंबडीच्या आतड्यात असतो. उकळत्या रश्श्यात मरतो, पण न धुतलेल्या पात्यावरून कच्च्या काकडीवर गेला की जिवंतच राहतो. मग त्यांनी विचारलं, काकड्या कुणी चिरल्या?

शकुबाई निकेशकडे बघत राहिली आणि निकेश आपल्या हातांकडे. मग त्यानं भिंतीवर बुक्की मारली. पुन्हा मारली. कातडी सोलून भिंत लाल होईतो मारत राहिला, दोघांनी धरलं तेव्हा कुठे थांबला. शकुबाईला त्याची कीव आली नाही. खरं सांगायचं तर प्रत्येक बुक्कीला तिला बरं वाटत होतं.

तेवढ्यात आतून नर्सनं हाक दिली. मयुरीनं डोळे उघडले होते, पाणी मागत होती. निकेशनं तशाच हातानं पेला उचलला आणि धावला.

"थांब बे," शकुबाई खाटेवरून म्हणाली. "पयले हात धू."